जावाचा फक्त जे कॅपिटल, वसू

वसू,

तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि लोकांनी तुला सोशिक करून टाकलंय. शांत, मायाळू, सगळ्यांना सांभाळून घेणारी. क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता आणि मी दुसऱ्या रांगेत बसून विचार करत होते, की हे लोक चुकीच्या कार्यक्रमाला आलेत की मी? सांभाळून घेणारी म्हणे! सख्ख्या भाच्यानं बायोडेटात जावा हा शब्द चारही अक्षरं कॅपिटल ठोकून लिहिला, म्हणून त्याला चहाही न देणारी बाई तू. बिचारा पुण्याहून नोकरी शोधायला आलेला, जानेवारीच्या गारठ्यात सायकल हाणत तुझ्या दारात उभा. ‘आधी नाव नीट लिहून आण, मग आलं घालून करते,’ म्हणालीस. आणि दार लावलंस.

मैत्रेयीनं मला आधीच बजावलं होतं. तुझी लेक इथे, डच मुलखातच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण दुःख तिला इंग्रजीतच होतं. ‘मावशी, समथिंग स्वीट, ओके? नो जोक्स.’ मी मान डोलावली, माइकपाशी गेले आणि भाच्याचा चहा सांगितला. मग शेवटच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मधून, आणि तुझ्या ऑफिसातल्या डच लोकांना शेजारच्यांनी कानात भाषांतर करून सांगितल्यावर तेही हसले, उशिरा, सगळे एकदम. श्रीधर रडता रडता हसत होता. आयुष्यभर तुझा नवरा म्हणून राहिलेल्या माणसाला निदान एकदा मोकळेपणानं तुला हसता आलं. मैत्रेयी मात्र डोळे वटारून माझ्याकडे बघत होती, आणि ते वटारलेले डोळे अगदी तुझे होते. त्या आठवड्यात मला तेवढंच बरं वाटलं.

मग कॉफी आणि केक. माणसाला निरोप देऊन झाल्यावर केक खायचा, या इथल्या रीतीची मला कधी सवय होणार नाही. तरी खाल्ला, आणि तुझ्या नावाचाही एक तुकडा खाल्ला. तिथेच वाचनालयातली खेर्डा जवळ आली. तीनदा गालाला गाल लावले, डोळे पुसले, आणि पर्समधून डायरी काढली. ‘मंदा, शनिवारचं टेबल. महिनाअखेरपर्यंत ते तुमचंच आहे. त्यानंतर विणकामवाल्या बायकांना हवंय. तू चालवणार आहेस का?’ डच माणूस सांत्वन आणि तारीख यांच्यामध्ये श्वाससुद्धा घेत नाही. मला राग आला नाही. ‘कळवते,’ म्हटलं आणि केकचा आणखी एक तुकडा उचलला.

तेव्हापासून हा एकच प्रश्न घेऊन मी या आपल्या बेस्ट गावभर सायकल फिरवते आहे. टेबल ठेवायचं की सोडायचं? आणि ठेवायचं तर कुणाच्या जिवावर? नवऱ्यांच्या व्हिसावर इथे आलेल्या, नोकरी शोधणाऱ्या बायका आपल्याकडे यायच्या त्या तुझ्यासाठी. त्यांचे बायोडेटा तू तपासायचीस. मी शेजारी बसून चिवडा पुढे करायचे, सासूबद्दल विचारायचे, आणि मुलाखतीची तालीम असली की डच साहेब व्हायचे. अक्षरं तुझ्या खात्यात, माणसं माझ्या. असं आपण म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचे, तू चष्म्यावरून बघायचीस.

तुला आठवते ती मंदा, पंचवीसेक वर्षांपूर्वीची? मला आठवते आणि हसू आवरत नाही. लक्ष्मी रोडवरून आणलेला घोट्यापर्यंतचा कोट, तो पहिल्याच दिवशी सायकलच्या साखळीत अडकवून खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, दारात आडवी झालेली. नाव नोंदवायला निघाले होते, आणि पालिकेनंच बाहेर येऊन मला उचललं. पण ताठा काही कमी नाही! पुण्यात बँकेसाठी कोबोल लिहिलेलं, दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे संगणक कोसळणार होते ते जणू या बाईनं एकटीनं हातावर झेलले होते. त्या थाटात डच भाषेच्या वर्गात मी तुझ्यासमोर माझा बायोडेटा सरकवला. तू यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या कंपनीत होतीस, म्हटलं एक नजर टाकेल आणि थक्क होईल.

तू हिरवं पेन काढलंस. पान वाचलंस. मग कागद कानाजवळ नेलास.

‘मंदा, हा ओरडतो कशाला आहे?’

‘कोण?’

‘हा तुझा बायोडेटा. पहिल्या ओळीपासून बोंबलतोय.’

सगळं कॅपिटलमध्ये होतं. नाव कॅपिटल, गाव कॅपिटल, जावा, पास्कल, फोरट्रान, सगळं कॅपिटल. मी म्हटलं, ‘अगं, फॉर्म कॅपिटलमध्येच भरायचा असतो.’ आपल्याला तसंच तर शिकवलेलं. दहावीचं हॉलतिकीट असो, गॅसचं कनेक्शन असो, खाली बारीक अक्षरात सूचना: कृपया मोठ्या लिपीत भरा. आपण आयुष्यभर चौकोनाचौकोनात एकेक अक्षर कोंबत मोठे झालो.

‘फॉर्म कुठे आहे इथे?’ तू म्हणालीस. ‘आणि हा पास्कल कोण?’

‘भाषा आहे.’

‘ते कळलं. सगळी अक्षरं उभी का केलीस त्याची?’

‘फुल फॉर्म आहे ना त्याचा.’

‘काय?’

आता हे तुला तेव्हा मी सांगितलं नव्हतं ते नव्हतंच, पण दोन वर्षांनी सांगितलं आणि तू खुर्चीवरून पडायची राहिलीस. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला पास्कलचा फुल फॉर्म विचारला होता. मला कुठला माहीत असायला? तिथल्या तिथे पाच-सहा इंग्रजी शब्द जुळवले, ‘प्रोग्रॅमिंग’पासून सुरू करून ‘लँग्वेज’वर संपवलं, छातीठोक. सरांनी मान डोलावली आणि वहीत उतरवून घेतलं! पुढच्या सगळ्या मुलींना माझाच फुल फॉर्म आला. असा काही फुल फॉर्म नाहीच, ते एका गणितज्ञाचं नाव आहे, हे मला तुझ्या हिरव्या पेनानं सांगितलं. एक अख्खा माणूस मी कापून त्याची आद्याक्षरं केली होती. आणि पहिल्या श्रेणीत पास झाले होते.

‘कोबोल तेवढं बरोबर आहे,’ तू पान परत देताना म्हणालीस. ‘ते खरंच आद्याक्षरांचं आहे. पण तेही तू चुकून बरोबर लिहिलंयस.’

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलं नाही, आणि वसू, तू मेलीस म्हणून मी ते सोडून देईन अशी आशा ठेवू नकोस. माझं म्हणणं तेच आहे. जावा मोठ्यात लिहा, छोट्यात लिहा, उलटं टांगून लिहा, भाकरी मिळाल्याशी कारण. माझं कोबोल बघ, मोठं अक्षर लिही की छोटं, त्याला सगळं सारखं. उदार भाषा. आणि आपल्या लिपीत तरी कुठे आहे हा भेद? राजातला ‘रा’ आणि राखेतला ‘रा’, उंची एकच. हे मी तुला एकदा ऐन शनिवारी, भरल्या टेबलावर ऐकवलं. मला वाटलं जिंकले.

तू पेनाचं टोपण लावत म्हणालीस, ‘अक्षरात लहान-मोठं नाही आपल्याकडे, खरंय. ते सगळं आडनावांसाठी राखून ठेवलंय.’

मी चिवड्याचा डबा पुढे केला. याला उत्तर अजून शोधते आहे. सापडलं की येईनच तुला सांगायला, तोवर हा गुण तुझा.

पण एक गोष्ट मला तुझ्या हयातीत बोलता आली नाही. मी वर्षानुवर्षं समजत होते की तू अक्षरं तपासतेस. पल्लवी आठवते? पुण्याहून आलेली, ओढणीच्या टोकाशी खेळत बसलेली. तिनं ‘एडा’ भाषेचं नाव तिन्ही अक्षरं कॅपिटल लिहिलं होतं. तू नेहमीसारखं हिरवं वर्तुळ काढलंस. स्वतः दुरुस्त केलं नाहीस. तू कधीच कुणाचं एक अक्षर स्वतः दुरुस्त केलं नाहीस. नुसतं वर्तुळ, आणि प्रश्न: ‘ही कोण?’

‘भाषा आहे, मॅडम.’

‘मॅडम नको. बाईच्या नावावरून ठेवलंय ते. तू तिची संस्था करून टाकलीस. बरं, तुझी आणि हिची ओळख कुठली?’

‘फार नाही. रेल्वे सिग्नलचं काम होतं. मी फक्त टेस्टिंगला होते.’

‘फक्त म्हणजे?’

मग तासभर ती पोरगी बोलत होती. सगळे म्हणत होते पास कर, तारीख जवळ आली आहे, आणि हिनं एक चाचणी पास करायला नकार दिला होता, कारण दोन गाड्यांना एकाच वेळी हिरवा दिवा मिळण्याची बारीकशी शक्यता तिला दिसत होती. साहेब ओरडला, नवरा म्हणाला कशाला वाकडं घेतेस. हिनं सही केली नाही. आणि यातलं एक अक्षर त्या बायोडेटात नव्हतं! तिथे लिहिलं होतं: मेहनती, प्रामाणिक, संघभावना. तू तिला तिथेच बसवून ते सगळं लिहायला लावलंस. तिला नोकरी लागल्यावर ती पेढे घेऊन आली तेव्हा तू पेढा खात काय म्हणालीस? ‘एडाचा ए तेवढा मोठा ठेवला होतास ना?’ दुष्ट कुठली. मी तेव्हा तुला हसले. वर्तुळ हे तुझं निमित्त होतं, दार ठोठावायची कडी, हे मला सायकलवरून घरी जाताना कळलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, निमित्त कसलं, चूक होतीच ती.

शेवटच्या दिवसांत तू बिछान्याला खिळलीस आणि मी मऊ खिचडी घेऊन यायचे. दोन घास खायचीस आणि भिंतीकडे तोंड करायचीस. फक्त शनिवारचं विचारायचीस, कोण आलं होतं. वसू, त्या शनिवारांना कुणी येत नव्हतं गं. तू नाहीस म्हटल्यावर कशाला येतील? मग मी बायका बनवायला लागले. एक सोलापूरची, तिनं पीएचपीतला एकच पी मोठा ठेवला होता. एक ठाण्याची, तिनं पायथन असा लिहिला होता की त्यातला शेवटचाच एन का कोण जाणे पण उभा. तुझ्या गालावर रंग चढायचा. ‘पाठव तिला माझ्याकडे!’ म्हणायचीस, उशीवरून उठायचा प्रयत्न करायचीस. तो रंग बघण्यासाठी मी रात्रभर नवनवीन चुका रचायचे. घरी नात विचारायची, ‘ओमा, काय करतेस?’ मी म्हणायचे, पाप.

शेवटच्या भेटीत मी कोल्हापूरच्या एका बाईचं सांगितलं. तिनं एसक्यूएल छोट्या अक्षरांत लिहिलंय, वर म्हणते मला असंच आवडतं. तू डोळे मिटलेस. मग हसलीस. ‘या बाईशी तुझं जमेल,’ म्हणालीस. आता मला सांग, तुला माहीत होतं का? सुरुवातीपासून? विचारायचं राहून गेलं. बरंच झालं राहिलं. तुला माहीत होतं असं मी ठरवून टाकलंय, आणि आता ते खोडायला तू नाहीस.

आता मैत्रेयीचं ऐक. तिनं परवा मला घरी बोलावलं. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच खुर्चीत, लॅपटॉप उघडून.

‘मावशी, लुक. सीव्ही पेस्ट करायचा. बटण. डन.’ खरंच, सगळी नावं एका झटक्यात सरळ. जावाचा फक्त जे मोठा, जावास्क्रिप्टचा जे आणि मधला एस, कोबोल सगळं उभं. ‘मी त्याला आईचं नाव दिलंय. वसुधा. ग्रूपवर टाकलंय, ऑलरेडी खूप जणी वापरतायत. आता कुणाला शनिवारी लायब्ररीत यायला नको.’

‘तुझ्या आईनं कधी कुणाचं एक अक्षर स्वतः दुरुस्त केलं नाही गं.’

‘एक्झॅक्टली! सो स्लो. तिला सांगत होते मी.’ आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. ‘शी नेव्हर लेट मी फिक्स एनीथिंग, मावशी.’

पोरीनं रडायच्या ऐवजी प्रोग्रॅम लिहिला होता. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, सुरेख झालंय. झालंच आहे सुरेख. पण घरी येताना वारा समोरून होता आणि मी मोठ्यानं, मराठीत, त्या वाऱ्याला सांगितलं की मी टेबल देणार नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. मशीनला नाही, विणकामाला नाही, मृत्यूला तर अजिबात नाही. एका कुत्रेवाल्या आजोबांनी मला ‘खूदेमॉर्खन’, सुप्रभात, म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

आज महिन्याचा शेवटचा शनिवार. मी गेले. चिवडा घेऊन, हिरवं पेन घेऊन. विणकामवाल्यांपैकी एक आधीच येऊन टेबलावर हात फिरवून गेली होती, घर भाड्यानं घेताना भिंती बघतात तसा. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक आली. स्नेहल, नाशिकची, नवरा इथे यंत्रांच्या कंपनीत. कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘काकू, वसुधावरून काढलाय. फक्त एकदा बघता का? सगळं बरोबरच आहे.’

बरोबरच होतं गं. वरपासून खालपर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी पेन उघडून बसले आणि टेकवायला जागा नाही! तुझ्या लेकीनं सगळी दारं इतकी छान रंगवून बंद केली होती की ठोठावायला कडी शिल्लक नव्हती. खाली लिहिलेलंच होतं: मेहनती, प्रामाणिक. बाईचा चेहरा कागदाइतकाच नीट, कोरा. तिनं कागद उचलला, ‘थँक यू काकू’ म्हणत पिशवी खांद्याला लावली. वसू, तू असतीस तर काय केलं असतंस, हे आठवून बघितलं. काही आठवलं नाही. तुला चुका लागायच्या, आणि इथे चूक नव्हती.

मग मी चष्मा काढला आणि जमेल तेवढा बावळट चेहरा केला. तू म्हणायचीस त्यात मला मेहनत पडत नाही.

‘बाकी ठीक आहे गं, पण हे जावा दोनदा का लिहिलंयस? एकदा नुसतं जावा आणि खाली परत जावास्क्रिप्ट. एकच ना दोन्ही?’

ती उभ्या उभ्या थिजली. ‘नाही हो काकू.’

‘असं कसं? एकीला जरा शेपूट लावलंय एवढंच.’

‘अहो काकू, काहीतरीच काय! आमच्या सोसायटीत दोन कुलकर्णी आहेत, म्हणून काय एकाचं वीजबिल दुसऱ्यानं भरायचं?’ पिशवी खांद्यावरून उतरली. ‘पूर्ण वेगळ्या आहेत त्या. थांबा, सांगते. म्हणजे बघा, मी नाशिकला असताना कांद्याच्या लिलावाचं पान करायचे...’

‘कांद्याचं पान?’

‘संगणकावरचं हो! भाव दाखवणारं. शेतकरी मोबाइलवर बघायचे. आणि ते ऐन लिलावात अडकायचं...’

ती बसली. खुर्ची पुढे ओढून, पदराला हात पुसावेत तसे जीन्सला हात पुसून बसली. मी मध्येच ‘म्हणजे जावामध्येच ना?’ असं विचारत होते आणि ती कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, दरवेळी थोडं अधिक आतून. बाळंतपणाच्या खोलीतून फोनवर तिनं ते पान कसं उभं केलं, कोण व्यापारी तिच्यावर चिडला, कोण म्हातारा शेतकरी तिला ‘कांदेवाली ताई’ म्हणायचा. हिरवं पेन मी तिच्याकडे सरकवलं. बोलता बोलता ती स्वतःच्याच त्या निर्दोष कागदाच्या समासात लिहायला लागली, वाटेल तशी, तिरकी, कसल्याही नियमाशिवाय. मी अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. तुला रागच आला असता. येऊ दे.

बंद व्हायची वेळ झाली. दिवे एकेक मालवत खेर्डा आली, हातात किल्ल्या, आणि तिच्या मागे लोकरीची पिशवी घेतलेली ती बाई. ‘मंदा,’ खेर्डा हळूच म्हणाली, ‘आज मला उत्तर हवं होतं.’

मी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. ‘नेय, खेर्डा. टेबल रिकामं नाही. पुढच्या शनिवारीही नाही, आणि त्याच्या पुढच्याही.’

स्नेहल बोलायची थांबली, आमच्याकडे बघायला लागली.

‘तू बोल गं,’ मी म्हटलं, ‘मला अजून काहीही कळलेलं नाही.’